करंजाडे ते श्रीवर्धन, व्हाया एक जळकी गॅस्केट

माझं आयुष्य बदललं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आम्ही सुकेळी खिंडीत रस्त्याच्या कडेला उभे होतो आणि गाडीच्या इंजिनात चहा झाला होता.

चहा म्हणजे अगदी टपरीवरचा, दूध सढळ हाताने घातलेला. सायलीच्या बाबांनी इंजिन ऑइलचं झाकण काढलं, आतून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. जिथे काळं तेल असायला हवं तिथे फिकट तपकिरी फेस होता.

"बोल इंजिनेर," ते म्हणाले, "ह्ये काय हाय?"

सायली शेजारीच उभी होती. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे असं तिला वाटत होतं, आणि तिने सांगितलं म्हणून तिच्या बाबांनाही वाटत होतं. प्रत्यक्षात कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये विभागप्रमुखांशी भांडून, पाना टेबलावर आपटून मी बाहेर पडलो त्याला सात महिने झाले होते. घरी माहीत होतं. तिला सांगायचं राहून गेलं होतं. रोज राहून जात होतं.

"ऑइल जुनं झालंय काका," मी म्हणालो.

आता सुरुवातीपासून सांगतो, कारण पनवेलहून श्रीवर्धनला जायचं तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात असेल, आणि जाताना काय करू नये हे माझ्याइतकं बारकाईने कुणी सांगणार नाही.

सायलीचे बाबा, दामूकाका, करंजा बंदरातले. उरणच्या पुढचं करंजा. स्वतःची मासेमारीची बोट आहे. त्या बोटीचं इंजिन दोन वर्षं कुरकुरत होतं, आणि श्रीवर्धनच्या जीवना बंदरात एका नाखवाकडे एक जुनं पण चांगलं इंजिन विकायला असल्याचं त्यांना कळलं. सायली बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, कॉलेजसाठी आत्याकडे राहते, करंजाडेला. ती बाबांना म्हणाली, माझा एक मित्र मेकॅनिकलला आहे, त्याला दाखवूया, तो हो म्हणाला तर घ्या. हे तिने मला सांगितलं तेव्हा आम्ही रसवंतीत बसलो होतो. तिने इतक्या विश्वासाने सांगितलं की मी म्हणालो, "हो, त्यात काय, बघतो ना." वर आणखी म्हणालो, "गाडी पण माझीच नेऊ." गाडी मामाची. पांढरी, चौकोनी, पंधरा वर्षं जुनी. मामाने नवी घेतल्यावर ती खांदा कॉलनीत आमच्या बिल्डिंगखाली आणून ठेवली होती, विकली जाईपर्यंत.

तिच्यासाठी मी विमानसुद्धा बघून देतो म्हणालो असतो.

शुक्रवारी संध्याकाळी तिचा मेसेज आला, नेहमीसारखा इंग्रजी अक्षरांतला: "udya 6 la karanja la ye, baba tithech ahet". मी वाचलं करंजाडे. ती राहते करंजाडेला, मग दुसरं काय वाचणार? सकाळी सहाला आंघोळ करून, सेंट मारून, इस्त्रीचा शर्ट घालून मी करंजाडेला आत्याच्या बिल्डिंगखाली उभा. गाडी चालू केली तेव्हा मागून पांढरा धूर निघाला होता, चांगला जाड. सकाळचा गारवा आहे, वाफ असेल, अशी मी समजूत घातली. मार्च महिना होता. पनवेलला मार्चमध्ये तोंडातून वाफ काढून दाखवणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

पावणेसातला तिचा फोन.

"ओम्या, कुठे आहेस?"

"खाली. तू कुठे आहेस?"

"कुणाच्या खाली? मी कालच घरी आले. आम्ही बंदरावर उभे आहोत अर्ध्या तासापासून. बाबा तिसऱ्यांदा तंबाखू मळतायत."

करंजा आणि करंजाडे यांच्यात एक 'डे' आणि तासाभराचा रस्ता आहे. बंदरावर जाणारे कंटेनरचे ट्रेलर त्या रस्त्यावर हत्तींच्या रांगेसारखे चालतात. माझं डोकं तापलं होतं, स्वतःवरच, आणि डोकं तापलं की माझा पाय जड होतो. मी ते ट्रेलर एकेक करून असे मागे टाकले की एका ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून माझ्या घराण्याची चौकशी केली. तापमानाचा काटा मधल्या रेषेवरून वर सरकत होता. मला दिसत होता. पण सायली उन्हात उभी होती, आणि काट्याचं नंतर बघता आलं असतं.

आणखी एक गोष्ट मी सहा आठवडे बघत होतो आणि बघत नव्हतो. रेडिएटरमध्ये दर तीन-चार दिवसांनी बाटलीभर पाणी कमी व्हायचं. गाडीखाली वाकून बघितलं तर जमीन कोरडी. पाइप ठीक, कुठे थेंब नाही. मी बाटली ओतायचो आणि म्हणायचो, उन्हाळा आहे, पीत असेल बिचारी.

बंदरावर पोचलो तेव्हा आठ वाजले होते. दामूकाका पुढे बसले, सायली मागे. तिच्या मांडीवर आईने दिलेला डबा: तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी. काकांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं.

"तू सेंट मारून गारी चालवतस?"

"बाबा," सायली म्हणाली.

"नाय, मी इचारतंय फक्त."

उरणहून परत पनवेलला यायची गरज नाही, हे लक्षात ठेवा. चिरनेरवरून आतल्या रस्त्याने थेट खारपाड्याला गोवा हायवे पकडता येतो. रस्ता अरुंद आहे पण सकाळी रिकामा असतो, आणि मधली भातखाचरं कापणीनंतर सुकलेली असली तरी डोळ्यांना बरी वाटतात. पेणला थांबलो नाही. वडखळला वडापाव खाल्ला, गरम आणि चांगला, मिरची जरा जपून. मी गाडी बंद केली नाही, कारण बंद केली तर परत चालू होईल का याची मला मनातून धाकधूक होती. असं वाटायला लागलं की समजा, तुमच्या गाडीला काहीतरी झालं आहे आणि तुम्हाला ते माहीत आहे.

नागोठण्यानंतर सुकेळी खिंडीचा चढ लागतो. तिथे गाडीचा दम गेला. दुसरा गिअर टाकला तरी ती चौथ्या मजल्यावर सिलिंडर घेऊन चढणाऱ्या माणसासारखी धापा टाकत होती. काटा लाल पट्ट्यात शिरला. बॉनेटच्या फटीतून वाफ. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, बॉनेट उघडलं आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

काकांनी माझ्या मनगटावर सणसणीत फटका मारला.

"थोबार भाजून घ्यायचंय? निवू दे तिला."

अर्धा तास आम्ही झाडाखाली बसलो.  मग काकांनी जाड फडकं टाकून हळूहळू झाकण फिरवलं. पाणी तळाला गेलं होतं. त्यांनी ते बाटलीने भरलं आणि मला म्हणाले, चालू कर. इंजिन चारपैकी तीन सिलिंडरवर अडखळत चालू झालं, आणि उघड्या रेडिएटरमध्ये बुडबुडे यायला लागले, भात शिजताना येतात तसे.

"ह्ये बघ. पान्यात हवा कुठून येते?" काका म्हणाले. मग ऑइलचं झाकण, मग ते बोट, मग माझं उत्तर. ते तुम्हाला माहीत आहे.

काकांनी बोट जिभेच्या टोकाला लावलं आणि लगेच थुंकले. "बोटीत असं झाला ना, तं आमी चाखून बघतों. खारट लागला तं दर्याचं पानी आत आलंय. ह्ये गोडं हाय. म्हंजे तुझ्या रेडिएटरचं." त्यांनी बोट पँटला पुसलं. "हेड गॅसकेट गेली, इंजिनेर."

मी म्हणालो, "तेच म्हणत होतो मी."

सायलीने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात अजून राग नव्हता. ती फक्त हिशोब जुळतो का ते बघत होती. बी.कॉम.ला आहे शेवटी.

एका दुधाच्या टेम्पोवाल्याने आम्हाला ओढून नेलं. दोर काकांच्या पिशवीतला, गाठ काकांची. बंद गाडीत बसून टेम्पोच्या मागे उतार उतरणं हा अनुभव मी कुणालाही सुचवणार नाही. ब्रेक दगडासारखा होतो आणि समोर दुधाचे कॅन नाचत असतात. कोलाडला उस्मानचाचांचं गॅरेज आहे. दोन खांब, वर पत्रे, मध्ये एक खड्डा, आणि चाचांची पांढरी दाढी, जिला टोकाला ग्रीस लागलेलं असतं.

चाचांनी बॉनेटमध्ये मान घातली, ऑइलची पट्टी काढून उजेडात धरली आणि म्हणाले, "माशाल्ला. अद्रक टाकायचं राहिलं."

दुपारी दोनपर्यंत हेड उतरलं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण समजा, चांगलं जड. खालचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. या दोघांच्या मध्ये ती गॅस्केट. चाचांनी ती दोन बोटांत धरून वर उचलली. कागदाच्या पुठ्ठ्यापेक्षा थोडी जाड, राखाडी, तिला चार मोठी गोल भोकं आणि कडेला खूप बारीक भोकं. दोन मोठ्या भोकांच्या मधली चिंचोळी पट्टी जळून काळी पडली होती, आणि तिथून एक काळी रेघ पाण्याच्या भोकापर्यंत गेली होती.

"कुकरच्या झाकणाला असते तीच?" सायलीने विचारलं.

"बराबर बोललीस बेटा," चाचा खुश झाले. "कुकरची गॅस्केट गेली की बाजूने वाफ जाते, शिटी होत नाही. इथे पण तसंच. फक्त कुकरमध्ये डाळ असते. इथे एका भोकात आग, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात तेल. तिघांची घरं शेजारी, आणि भिंत ही एवढीच." त्यांनी ती भिंत माझ्या हातात दिली. "ही शाबूत आहे तोवर कुणाला कुणाचं काही कळत नाही. गाडी किती दिवस पाणी पीत होती?"

"सहा आठवडे," मी म्हणालो.

"आणि मियाँ तुम्ही काय करत होतात?"

"पाणी पाजत होतो."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हेड तापून वाकलं होतं. ते रोह्याला लेथवर पाठवून सपाट करून आणावं लागलं. त्याला फेसिंग मारणं म्हणतात. त्यात संध्याकाळ झाली. तुमची गाडी बंद पडली तर कोलाडला पडू दे अशी प्रार्थना करा, कारण चाचांच्या घरी आम्हाला तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण आणि झोपायला अंगण मिळालं. सायली चाचींबरोबर आत झोपली. खर्चाचं म्हणाल तर गॅस्केट, फेसिंग, नवं ऑइल आणि मजुरी मिळून माझा मोबाइल विकण्याइतका आला. मी तो विकला. रिचार्जचं दुकान गॅरेजसमोरच आहे. सिम तेवढं खिशात ठेवलं.

रविवारी सकाळी हेड बसवायला घेतलं. चाचा म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, बोल्ट तुम्ही आवळा. हातात पुस्तकी इल्म आहे." मी पाना घेतला. खरंच वाटलं, हे जमेल. मी डावीकडच्या टोकाचा बोल्ट घट्ट आवळला, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. मनात छान वाटत होतं. सायली बघत होती.

चाचांनी पान्यावर हात ठेवला.

"टोकापासून? मधून सुरू करतात मियाँ. मधला, मग समोरचा, मग बाहेर बाहेर. तीन फेऱ्यांत, थोडं थोडं. नाहीतर हेड एका बाजूने बसतं आणि नवी गॅस्केट महिन्यात जाते." ते चिडले नव्हते, त्यांना कुतूहल होतं. "कोणत्या कॉलेजात असं शिकवतात?"

आणि माझं नेहमीचं झालं. रक्त कानापर्यंत आलं. मी पाना खाली टाकला आणि ओरडलो, "कुठल्याच नाही! सोडलं कॉलेज! सात महिने झाले! हे शिकवायच्या आधीच सोडलं!"

गॅरेजसमोरचा चहावाला किटली धरून थांबला.

 सायली जाऊन गाडीत मागे बसली आणि दार लावून घेतलं. मी खिडकीशी गेलो. तिने काच वर ओढली. ती काच मोडकी होती, अर्ध्यावरच अडकायची, त्यामुळे आवाज आत जात होता.

"सायली, ऐक ना."

"तू कॉलेज सोडलंस ते तुझं तू बघ," ती समोर बघत म्हणाली. "बाबा आज तिथे आयुष्याची कमाई ठेवणार होते. तुझ्या एका 'हो'वर. आणि तुझा 'हो' मी दिला होता, माझ्या शब्दावर. हे तुला रसवंतीत आठवलं नाही?"

 पहिल्यांदाच भांडायला काही सापडलं नाही.

काकांनी सगळं ऐकलं होतं. ते खाली वाकले, पाना उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मधला. चल."

तीन फेऱ्यांत आम्ही बोल्ट आवळले. चाचा नंबर सांगत होते, मी पाना मारत होतो, काका हेड बघत होते. इंजिन चालू झालं तेव्हा मागून धूर नव्हता. चाचा म्हणाले, "श्रीवर्धनला इंजिन बघणार ना? एकच सांगतो. थंड इंजिन बघा. गरम इंजिन खोटं बोलतं."

कोलाडहून माणगाव आणि तिथून म्हसळ्याच्या रस्त्याने श्रीवर्धन. म्हसळ्याच्या अलीकडे घोणसे घाट आहे, वळणं अवघड, उतरताना गिअरमध्येच उतरा. मी काट्यावर डोळा ठेवून चालवत होतो आणि काटा मध्यावर शहाण्यासारखा बसला होता. घाट संपल्यावर पोफळीच्या बागा सुरू होतात, हवा एकदम ओली होते आणि रस्त्यावर कोकमाचं सरबत मिळतं. आम्ही प्यायलो. सायलीने तिचा पेला माझ्याऐवजी काकांकडून घेतला.

जीवना बंदरात नाखवाने इंजिन शेडमध्ये ठेवलं होतं. हिरव्या रंगाचा ताजा हात, इतका ताजा की वास येत होता. नाखवा गोड माणूस. शहाळी मागवली, किंमत कमी केली, वर म्हणाला, "आजच सांगा, उद्या हर्णैचं गिऱ्हाईक येतंय."

काकांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि माझ्याकडे वळले. सायलीसमोर, नाखवासमोर.

"बोल."

हा प्रश्न त्यांनी मला का विचारला, हे मला आजही नीट कळलेलं नाही. त्यांना माहीत होतं की मला काही येत नाही.

"काका, मला बोटीच्या इंजिनातलं काही कळत नाही," मी म्हणालो. मग हात लावून बघितलं. "पण हे गरम आहे."

नाखवा म्हणाला, "ऊन लागलंय."

"शेडमध्ये?" सायली म्हणाली. दोन तासांतला तिचा पहिला शब्द.

काका शहाळं पीत म्हणाले, "आमी जेवून येतों नाखवा. तवर चालू करू नका हं तिला."

समुद्रावर जाऊन आम्ही भाकऱ्यांचा उरलेला डबा संपवला. श्रीवर्धनचा किनारा स्वच्छ आहे, लांबच लांब, गर्दी नाही. मी एवढंच सांगू शकतो, कारण मी वाळूकडे बघत बसलो होतो. तीन तासांनी परत गेलो. इंजिन थंड. नाखवाने चालू केलं. ते आधी एका सिलिंडरवर अडखळलं, मग दोन, मग जाड पांढरा धूर सोडत कसंबसं लागलं. काकांनी पंधरा मिनिटं चालू दिलं आणि ऑइलची पट्टी ओढली. त्यांनी ती नाखवाला दाखवली, मला नाही. चाखून बघितली.

"खारट," ते म्हणाले.

परत येताना काका मागे झोपले आणि सायली पुढे बसली, कारण मागे जागा नव्हती. कारण एवढंच. ती माणगावपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. वडखळला तिने वडापाव घेतले तेव्हा तीन घेतले. मी तो तिसरा मोजला. करंजाला काकांना सोडलं, तिला करंजाडेला. ती उतरताना म्हणाली, "मला मेसेज करू नकोस." मी म्हणालो, फोनच नाहीये. तिला हसू आलं असतं, पण तिने येऊ दिलं नाही.

यानंतर आठ दिवस घरी. मामा बिल पाहून बराच वेळ बोलला. गाडीचं गिऱ्हाईक आलं होतं, मी त्याला गॅस्केट बदलल्याचं खरं सांगितलं, आणि त्याने दर पाडला, म्हणून मामा पुन्हा बोलला. या सहलीतून काय उरलं ते मी बऱ्याचदा मोजलं. श्रीवर्धन मी धड बघितलंच नाही, तुम्ही जा, दोन दिवस तरी काढा. सकाळी गाडी थंड असताना पाणी बघायची सवय लागली. पाणी कमी होत असेल आणि जमीन कोरडी असेल, तर ते कुठेतरी आतच जातंय, एवढं आता मला झोपेतही सांगता येईल. कॉलेजला परत जायचं का, हे अजून ठरलेलं नाही. विभागप्रमुखांना भेटून पाना आपटल्याबद्दल बोलावं लागेल, आणि माझा स्वभाव तुम्ही आता ओळखताच.

नवव्या दिवशी, सकाळी आठला, आईच्या फोनवर एक मेसेज आला. सायलीचा. तिने आईचा नंबर कुठून मिळवला देव जाणे.

"baba aaj botiche head utravtayat. nava engine ghenar nahit, junach neet kartayat. bolt avalayla manus hava ahe, engineer nako. babani vicharla mhanun sangte."

मी तीन वेळा वाचला. मग चौथ्यांदा मोठ्याने वाचला आणि आईला विचारलं, हे करंजा की करंजाडे?

"बोट करंजाडेला असते का रे?" आई चहा गाळत म्हणाली. "आणि चहा पिऊन जा."

मी चहा घेतला नाही. जुनी पँट चढवली, इस्त्रीचा शर्ट खुर्चीवरच राहू दिला. उरणची एसटी साडेआठला असते. बाबा पेपरमागून म्हणाले, "कुठे?" आणि मी म्हणालो, "कामाला." त्यांनी पेपर खाली केला. ते काही बोलायच्या आत मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.